होडीचा निर्णय दिवाळीनंतर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठी. यजमान प्राथमिक शाळेत शिक्षक होते, सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी आषाढात आजारपणात गेले. त्यांना होडीचं फार वेड. मासे धरायला म्हणून नव्हे, नुसतं शीड लावून खाडीत आणि खाडीच्या तोंडाबाहेर जायचं. सुट्टी आली की होडी. पहाटे उठून मी चहा करायची, भाकरी बांधून द्यायची. आता ती होडी घरामागे झापांच्या मांडवाखाली शाकारून पडली आहे. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, विकून टाक, बघून बघून रडत बसतेस. एका रिसॉर्टवाल्याला ती बागेत उभी करायची आहे, लोकांना फोटो काढायला. तो पैसे बरे देतोय. खारवीवाडीतला एक मुलगा यांच्याकडूनच शीड धरायला शिकला. तो म्हणतो, काकू, मला वापरायला द्या, नीट ठेवीन. पण यांच्या जागी सुकाणूवर दुसरं कोणी बसलेलं मला बघवणार नाही.

हे नेहमी म्हणायचे, एकदा चल. मला बोट लागते, म्हणून मी कधी गेले नाही. खरं सांगायचं तर त्या होडीचा मला रागही यायचा. आता वाटतं, एकदा तरी जायला हवं होतं. त्यांच्या वाऱ्यापाण्याच्या वह्या, म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या नौकांच्या बातम्यांची कात्रणं, सगळं कपाटात आहे. उघडलेलं नाही. शेजारपाजारचे अजून मला भरतीची वेळ विचारतात, मी तिथीवरून सांगते, आणि मग घरात येऊन रडते.

नारळी पौर्णिमा आली. होडीची पूजा हे करायचे. मी केली तर चालेल का? जाऊबाई म्हणतात, तुम्हाला आता तो मान नाही. आणि दोन वर्षं झाली तरी खाडीकडच्या दारात उभं राहवत नाही, हे बरोबर आहे का?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

पूजेचं आधी सांगते, कारण दिवस जवळ आलाय. करा. तुम्हीच करा. मुलाची वाट बघू नका, पुतण्याला बोलावू नका. गुरुजी जसं करायचे तसंच करा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, धुवायची, हळदकुंकू लावायचं, नारळ वाढवायचा, एक नारळ खाडीत सोडायचा. घरात नारळीभात होत असेल तर तोही होऊ द्या.

जाऊबाईंशी भांडायला मी सांगणार नाही, त्या लहानपणापासून पाहत आल्या तेच बोलल्या. पण 'मान नाही' हे मी मान्य करणार नाही आणि तुम्हीही करू नका. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं, बाईला शुभकार्यातून बाजूला ठेवणं, सगळं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तेच करायला सांगितलं. कोणी वाद घातलाच तर एवढं सांगायला तुमच्याकडे असू द्या. तरी खरं कारण त्याहून साधं आहे. ज्या होडीपायी इतकी वर्षं तुमची पहाटेची झोप गेली, तिला कुंकू लावायला तुमच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा आहे?

आता पत्रातली जी ओळ तुम्ही मध्येच लिहून पुढे गेलात तिच्याकडे येते. एकदा तरी जायला हवं होतं, ही ओळ.

बोट लागणं हा शरीराचा स्वभाव आहे. होडी हलते, डोळ्यांना दिसतं एक आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळतं दुसरं, आणि पोटात ढवळायला लागतं. कसलेल्या खलाशांनाही होतं. त्याचा तुमच्या संसाराशी, तुमच्या जिव्हाळ्याशी काहीही संबंध नाही. गुरुजी 'एकदा चल' म्हणायचे आणि तुम्ही नाही म्हणायचात, पण त्यावरून अबोला धरल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ते नेहमी विचारायचे, एवढंच लिहिलंय. ज्याला नकाराचा घाव बसतो तो माणूस असा वर्षानुवर्षं विचारत राहत नाही. त्यांना तुमचं उत्तर माहीत होतं आणि तरीही विचारायला आवडत होतं, असं मला त्या पत्रातून दिसतं.

आणि तुम्ही त्यांच्या त्या जगापासून लांब होता, हे तर मला अजिबात पटत नाही. गुरुजी पहाटेच का निघायचे? पावसाळा सरल्यावर, दिवाळीपासून पुढे, रात्री जमीन निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. त्या वाऱ्यावर शिडाची होडी आपोआप बाहेर जाते. ऊन चढलं, जमीन तापली की वारा फिरतो आणि दुपारनंतर समुद्राकडून आत येतो, त्यावर परत यायचं. इंजिन नसलेल्या माणसाला हे दोन वारे सांभाळावेच लागतात. मतलई चुकली तर वल्ही मारत बसा. म्हणजे तुमच्या चुलीवरचा चहा मतलईच्या आधी तयार असायचा आणि तुमचं जेवण खाऱ्या वाऱ्याच्या वेळेला. कोणी तुम्हाला शिकवलं नाही, तुम्ही नावं घेतली नाहीत, पण घर त्या वाऱ्यांवर चाललं होतं आणि ते चालवत तुम्ही होतात.

भरतीचंही तसंच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, सुमारे. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, फार चढत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असायचा. आता मोबाईलवर बघतात. तुमच्या गावात लोक मोबाईल खिशात असूनही तुम्हाला येऊन विचारतात, ताई. त्यांना गुरुजींच्या घरातून आलेलं उत्तर हवं असतं. तुम्ही ते देता आणि आत जाऊन रडता. रडा. पण सांगणं थांबवू नका. गुरुजींची आठवण कुठे ठेवायची असं तुम्ही विचारता आहात, आणि ती दारात रोज विचारली जातेय, तुमच्या तोंडून गावाला मिळतेय. त्यासाठी होडी असावीच लागते असं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. होडीचं काय करायचं हा एक प्रश्न आणि गुरुजींना कसं आठवायचं हा दुसरा. दोन्ही एकत्र बांधल्यामुळे गाठ सुटत नाहीये. होडी विकली तर त्यांना विसरले, ठेवली तर आयुष्यभर रडत बसायचं, दिली तर त्यांची जागा दुसऱ्याला दिली, असे तीनच रस्ते दिसतायत आणि तिन्ही बंद. सोडवून बघा, होडी होडी राहील.

रागाचंही बोलायला हवं. तो यायचा, हे लपवू नका, स्वतःपासून तर नाहीच. सणासुदीला पाहुणे घरात आणि हा माणूस खाडीत, याचा राग येणार नाही तर काय होईल? गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे, बाहेर ती पाळावी. पण घरात, मुलाशी बोलताना, हेही सांगा की बाबा कसे सुट्टीच्या दिवशी सापडायचे नाहीत, भिजलेलं शीड तुमच्या वाळवणाच्या दोरीवर टाकायचे, खारं पाणी कसं पडवीभर व्हायचं. मुलाला असा बाप आठवेल तेव्हा तो 'विकून टाक' असं पटकन म्हणणार नाही. तो तुम्हाला रडताना बघतोय आणि त्याला दुसरं काही सुचत नाहीये, बाकी त्याच्या बोलण्यात वाईट काही नाही.

आता होडी.

रिसॉर्टला देऊ नका. त्या माणसावर माझा राग नाही, त्याचा तो धंदा आहे. पण बागेत उभी केलेली लाकडी होडी ऊन-पावसात फार काळ टिकत नाही. रंग देत राहिले तरी खालून वाळवी, वरून ऊन. आणि तुमच्या गावातच, जाता-येता दिसेल अशा ठिकाणी, गुरुजींच्या होडीत बसून लोक फोटो काढताहेत, हे तुम्हाला त्या मुलाने सुकाणू धरण्यापेक्षा जास्त लागेल. पैशांची निकड असती तर मी वेगळं लिहिलं असतं. तुम्ही ती लिहिलेली नाही.

घरामागे ठेवून देणं हाही जपण्याचा मार्ग नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या सुकतात, आक्रसतात, सांध्यांना फटी पडतात. त्या फटींत भरलेला कापूस आणि राळ सुटून येते. पुन्हा पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं आणि बऱ्याच फटी आपोआप मिटतात, पण ते लाकूड मुळात धड असेल तर. एखादा पावसाळा शाकारून ठेवणं ठीक, सगळेच ठेवतात. आता तिसरा पावसाळा चाललाय, मध्ये एकदाही तेलपाणी नाही. झापांखाली ती दिसायला जशीच्या तशी असेल, आत काय चाललंय ते सुतारच सांगेल.

म्हणून असं करा. पावसात काही हलवू नका, काही ठरवू नका. मुलाला आणि रिसॉर्टवाल्याला एकच उत्तर द्या, दिवाळीनंतर बघू. पाऊस ओसरला, आश्विनात ऊन पडलं की होड्या बांधणाऱ्या, निदान दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या सुताराला बोलवा. घरबांधणीचा सुतार नको. तो नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ठोकून बघेल, फळी कुठे मऊ पडलीय ते सांगेल. खर्चाचा आकडा त्याच्याकडून घ्या. उंडीचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत तुमच्याकडे अजून असेल, त्या मुलालाही ठाऊक असेल. हे सगळं होताना तुम्ही जवळ असलंच पाहिजे असं नाही. घरात बसा, चहा पाठवा.

होडी तरण्याजोगी निघाली तर ती खारवीवाडीतल्या त्या मुलाला द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आज शीड लावून जाणारी माणसं किनाऱ्यावर किती उरली आहेत? पाठीमागे यंत्र लावलं की वाऱ्याशी घेणंदेणं राहत नाही, आणि पोट ज्याच्यावर आहे त्याने यंत्र लावू नये असं कोण म्हणेल? पण गुरुजी शिक्षक होते. त्यांनी एका पोराला शीड धरायला शिकवलं, परबाण, म्हणजे शीड बांधलेला वासा, कसं फिरवायचं, वारा पडला तर काय, अंगावर आला तर काय, हे हातात हात धरून शिकवलं. तो मुलगा होडी मागतोय म्हणजे शिकलेलं विसरायला तयार नाही.

देताना मात्र व्यवहार चोख करा. कोकणात तोंडी दिलेल्या जमिनींचे दावे तीन-तीन पिढ्या चालतात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. विकायची नसेल तर मालकी तुमची, वापर त्याचा, असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा, तुमच्या मुलाचीही साक्षीला घ्या. डागडुजी कोणी करायची, पावसाळ्यात कोण शाकारणार, शीड फाटलं तर खर्च कोणाचा, हे आधीच बोलून घ्या. होडीची नोंदणी गुरुजींच्या नावे असेल तर ती वारसाच्या नावे करून घ्यावी लागेल. जवळच्या बंदर कार्यालयात, म्हणजे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाकडे, मृत्यूचा दाखला आणि होडीचे कागद घेऊन मुलाला पाठवा. आणि लाइफ जॅकेटशिवाय होडी पाण्यात जायची नाही, ही अट घाला. गुरुजी घालत नव्हते असं तो म्हणेल. म्हणू दे. तुमची होडी, तुमची अट.

'सुकाणूवर दुसरं कोणी बसलेलं बघवणार नाही', हे मी विसरलेले नाही. पहिल्यांदा नाहीच बघवणार. म्हणून पहिल्या दिवशी बघू नका. त्याला सांगा, पहिली फेरी मी मुलाकडे पुण्याला गेले असताना मार. परत आलात की तो येऊन सांगेल, होडी कशी चालली, कुठून पाणी आलं, वारा कसा होता. आधी ऐकायचं, बघायचं नंतर, आणि कधीच बघावंसं वाटलं नाही तरी तो तुमचा प्रश्न. एक गोष्ट हवी तर अटींत घाला. नाळेवरचं नाव बदलायचं नाही. बहुतेक होड्यांवर ग्रामदेवीचं नाव असतं, तुमच्याही असेल. ते पुसायचं नाही, रंग मात्र नवा द्यायचा.

लोक तुम्हाला सांगतील, एकदा बसा त्या होडीत, मन मोकळं होईल. नका बसू, वाटत नसेल तर. तुम्ही काठावरून त्यांच्याबरोबर होतात, आठवणही काठावरून केलीत तर काही बिघडत नाही. कधी पाण्यावर जावंसं वाटलंच तर दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे. 2003 पासून चालते, गाड्याही नेते, वाशिष्ठीच्या तोंडाशी या काठावरून त्या काठावर. तुम्ही गुहागरकडे जाताना त्यातून गेलाच असाल. मोठी आणि सपाट आहे, सहसा बोट लागत नाही. त्या मध्यावरून गुरुजींची बाहेर जायची वाट दिसते, खाडीचं तोंड आणि पुढे उघडा समुद्र. कठड्याला धरून उभं राहायचं आणि परतीच्या फेरीने घरी यायचं. तेवढं पुरे आहे.

वह्यांबद्दल मला सगळ्यात जास्त आस्था आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. होडीपेक्षा त्या मोलाच्या आहेत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कुठे सरकतो, ओहोटीला कुठले खडक उघडे पडतात, कुठलं झाड आणि कुठलं देऊळ एका रेषेत आलं की होडी वळवायची, अशा खुणा शिडाची माणसं पिढ्यान्पिढ्या डोक्यात ठेवत आली. लिहिलं फार थोड्यांनी. गुरुजींनी लिहिलं असेल तर ते तुमच्या खाडीचं आहे. एकटीने उघडू नका. त्या मुलाला बोलवा, तुमचा मुलगा गणपतीला आला की त्यालाही बसवा, एक एक पान मोबाईलवर फोटो काढून घ्या, कारण कोकणातल्या दमट हवेत कागद आणि शाई फार टिकत नाही. कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवला असेल तरी आता एकदा ऊन द्या. मग एक प्रत गुरुजींच्या शाळेत द्या.

कात्रणंही शाळेत लावता येतील. कमांडर दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात पृथ्वीला फेरी घालून मुंबईला परतले, असं करणारे ते पहिले भारतीय. 'तारिणी'वरून 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा बायका जगाला फेरी घालून आल्या. पुढे 2024-25 मध्ये दोघीच गेल्या, दिलना आणि रूपा, त्याच नौकेतून. गुरुजी हयात असते तर तेही कात्रण वहीत आलं असतं. ते तुम्ही लावा. त्या मुलाने वर्षातून एखाद्या दिवशी, समुद्र शांत असताना, शाळेच्या पोरापोरींना धक्क्यावर नेऊन शीड कसं चढवतात ते दाखवावं, असंही कागदावर लिहून घेता येईल. भाड्याऐवजी.

शेवटी तुमचा तो प्रश्न, दोन वर्षं झाली तरी असं होतं, हे बरोबर आहे का. हो. वर्षश्राद्ध झालं की दुःख संपतं असं पंचांगात कुठे लिहिलेलं नाही. आषाढ आला, वारा सुटला, झापांवर पाऊस वाजायला लागला की ते पुन्हा वर येणारच, ते त्याच महिन्यात गेले. दारात उभं राहवत नसेल तर मागच्या दाराने जा, घाई नाही. पण झोप सलग अनेक रात्री लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगावंसंच वाटत नसेल, तर ते एकटीने अंगावर काढायचं नाही. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. रात्री दोन वाजताही लावा. आणि तालुक्याच्या डॉक्टरांनाही दाखवा.

एक राहिलं. शीड माळ्यावर असेल तर पावसाची उघडीप बघून खाली काढा. कापडी असेल तर या दिवसांत बुरशी धरते आणि उंदीर घर करतात. पडवीत पसरून झटका, डाग पडले असतील तर गोड्या पाण्याने धुवा, ऊन मिळेल तेव्हा पूर्ण वाळू द्या आणि मगच घडी घाला. होडीबरोबर ते द्यायचं की त्या मुलाला नवं शिवून घ्यायला सांगायचं, हे तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर जुनं शीड घरात ठेवलं असतं आणि नव्याच्या कापडाला निम्मे पैसे दिले असते.